दक्षिण आफ्रिकेच्या १९९४ च्या, सर्व वंशांना खुल्या असलेल्या पहिल्या निवडणुकीत वृत्तपत्रं पक्षपाती होती का, हे जुने अंक पाहून कसं तपासायचं?

बहुतेक जण पट्टी घेऊन बसतात: एएनसीला (आफ्रिकन नॅशनल काँग्रेस, मंडेलांचा पक्ष) किती कॉलम सेंटीमीटर, तेव्हा सत्तेत असलेल्या नॅशनल पार्टीला किती. मोजा, पण तेवढ्यावर निकाल देऊ नका. तो आकडा ताडून पाहणार कशाशी? राष्ट्रीय मतपत्रिकेवर १९ पक्ष होते, सगळ्यांना सारखी जागा कोणतंच पत्र देणार नव्हतं. मागच्या निवडणुकीतली मतं धरावीत, तर कृष्णवर्णीय बहुसंख्याकांना तोवर मताधिकारच नव्हता. आणि निकालाचे टक्के (एएनसी ६२.६५, नॅशनल पार्टी २०.३९, मुख्यतः झुलूंचा पक्ष इंकाथा १०.५४) आधीच्या बातम्यांना लावणं ही सर्रास होणारी चूक. त्यापेक्षा एकाच दिवसाचे, वेगळ्या मालकीच्या तीन पत्रांचे अंक शेजारी ठेवा. नॅशनल पार्टीचे नेते डी क्लर्क तेव्हा राष्ट्राध्यक्षही होते, त्यामुळे त्यांच्या सरकारी बातम्या आणि प्रचाराच्या बातम्या वेगळ्या नोंदवा.

नमुना १ फेब्रुवारी ते २९ एप्रिल एवढ्या काळातून घ्या: चिठ्ठ्या टाकून दोन सोमवार, दोन मंगळवार, असे. सलग आठवडा घेतलात तर एखादी मोठी घटना सगळा नमुना खाऊन टाकते. मोठ्या घटनांचे अंक जरूर वाचा, पण सरासरीत मिसळू नका. इंकाथा १९ एप्रिलला निवडणुकीत उतरली, तिथे काळाचे दोन भाग करा. त्याआधी तिच्या प्रचाराला जागा कमी मिळाली, यात पत्राचा दोष नाही.

खरा कल दिसतो तो हिंसाचाराच्या बातम्यांत. प्रत्येक बातमीपुढे तीन रकाने ठेवा: हल्लेखोर कोण हे सांगितलं आहे की नुसतंच ‘पाच ठार’, कारण काय दिलं, जमात, पक्ष की पोलीस, आणि माहिती कोणाची, फक्त पोलिसांची की रहिवाशांचीही. नाताळ प्रांतात एएनसी आणि इंकाथा, दोन्ही बाजूंना बहुतांश झुलूच होते, त्यामुळे तिथल्या हत्यांना ‘जमातींचं भांडण’ म्हणणं वस्तुस्थितीला धरून नाही. जोहान्सबर्गच्या आसपासच्या स्थलांतरित कामगारांच्या वसतिगृहांत मात्र त्या वादाला जमातींचा रंग होता, म्हणून ‘झुलू’ शब्द दिसला की लगेच फुली मारू नका. १८ मार्चला हिंसाचाराची चौकशी करणाऱ्या गोल्डस्टोन आयोगाने वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांचा इंकाथाला शस्त्रं पुरवण्याशी संबंध असल्याचं समोर आणलं. त्यानंतरही एखादं पत्र ‘जमातींचं भांडण’ हीच जुनी भाषा वापरत असेल, तर तुमच्या हाती ठोस काहीतरी लागलं.

सर्वात जास्त घोळ होतो ‘सूर’ ठरवताना. २८ मार्चला जोहान्सबर्गमध्ये शेल हाउस या एएनसीच्या मुख्यालयापाशी एएनसीच्या रक्षकांनी इंकाथाच्या मोर्चेकऱ्यांवर गोळ्या झाडल्या. ही बातमी एएनसीला अडचणीची असणारच, म्हणून सूर नकारात्मक ठरत नाही. लेखनातली विशेषणं आणि क्रियापदं पाहा. किमान दहा टक्के बातम्या दोघांनी स्वतंत्रपणे तपासाव्यात. दोघांच्या नोंदी किती जुळतात हे सांगणारा आकडा, क्रिपेनडॉर्फ अल्फा, ०.८० च्या वर हवा, ०.६७ च्या खाली गेला तर तो रकानाच काढून टाका.

मथळा आणि मजकूर वेगळे नोंदवा, कारण मथळा सहसा वार्ताहर देत नाही, उपसंपादक देतो. त्या निवडणुकीसाठी नेमलेल्या स्वतंत्र माध्यम आयोगाचे नियम खासगी वृत्तपत्रांना लावू नका. ते नभोवाणी, दूरचित्रवाणी आणि सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रकाशनांपुरते होते. आणि केवळ इंग्रजी पत्रं तपासली असतील तर निष्कर्षही त्यांच्याच वाचकांपुरता लिहा. आफ्रिकी भाषांतल्या रेडिओवर काय ऐकवलं जात होतं, ते त्यावरून कळत नाही.