1853 च्या बोरीबंदर-ठाणे गाडीचं अचूक मॉडेल करायचंय, माहिती कुठून काढू?

16 एप्रिल 1853 ला 14 डब्यांची ती गाडी ओढणारी साहिब, सिंध, सुलतान ही तिन्ही इंजिनं आज शिल्लक नाहीत. त्यामुळे नेटवर 'पहिली गाडी' म्हणून फिरणारे फोटो आधी चाकं मोजून तपासा. ही इंजिनं इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीची, 2-4-0 रचनेची: पुढे दोन लहान चाकं, मागे जोडदांड्याने बांधलेली चार मोठी. फेअरी क्वीन (दुसरं एक जुनं वाफेचं इंजिन) 2-2-2 आहे, तीही पूर्व भारतातली. तिला बघून बनवलेली 'ठाण्याची गाडी' मी प्रदर्शनात पाहिलीये!

खरी गोची रुळांची. आपला गेज (दोन रुळांमधलं अंतर) 1676 मिमी, म्हणजे 1:87 प्रमाणाच्या मॉडेलला 19.3 मिमी. बाजारातला एचओ (याच 1:87 प्रमाणाचा) रूळ 16.5 मिमीचा, त्यावर इंजिन काडीपहिलवान दिसतं. रूळ घरीच टाका.