टू-स्ट्रोक स्कूटर: ऑइल पंप ठेवायचा की पेट्रोलमध्येच मिसळायचं?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी टू-स्ट्रोक स्कूटरच्या ऑइलबद्दल आहेत, म्हणून आज तेवढाच विषय घेतो. या इंजिनात ऑइल पेट्रोलबरोबरच जळतं; ते पंपाने सोडायचं की पेट्रोलात मिसळायचं, हा प्रश्न आहे.

प्रश्न : वडिलांची कायनेटिक होंडा बरीच वर्षं पडून होती, आता चालू केली. मिस्त्री म्हणतो, ऑइल पंपाचा भरवसा नाही, काढून टाका आणि पेट्रोलातच ऑइल टाकत जा. काय करू? (महाल)

आधी पंप तपासा, मग काढायचं ठरवा. या गाडीत ऑइलची टाकी वेगळी आहे आणि पंप गरजेपुरतंच ऑइल सोडतो. सिग्नलला गाडी नुसती धुगधुगत असते तेव्हा इंजिनला फार ऑइल लागत नाही. नागपुरात बर्डीच्या गर्दीतून रोज जाणाऱ्याला हा मोठा फायदा आहे: धूर कमी आणि प्लग स्वच्छ. चांगला चालणारा पंप केवळ भीतीपोटी काढणं मला पटत नाही.

पण पडून राहिलेल्या गाडीतली ऑइलची नळी कडक होऊन तडकते, टाकीच्या तोंडाची जाळी गाळाने बुजते, नळीत हवा अडकते. नळी नवी टाका, जाळी धुवा, हवा पूर्ण काढा. त्यानंतर पहिल्या दोन टाक्या पेट्रोलमध्येही लिटरला 20 मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल मिसळून गाडी चालवा आणि ऑइलच्या टाकीतली पातळी खूण करून ठेवा. धूर जास्त दिसेल, त्याची काळजी नको. पातळी नियमित उतरत असेल तर पंप काम करतोय, मग साधं पेट्रोल भरा. उतरतच नसेल तर मिस्त्रीचं ऐका.

मात्र पंप बंद करायचा तर नीट करा. टाकी रिकामी ठेवून पंप तसाच फिरू दिला तर तो कोरडा घासून आतून तुटतो, म्हणून तो इंजिनपासून सोडवून त्या जागी पत्ती आणि पॅकिंग बसवा. ऑइलची नळी इंजिनकडे जिथे जोडलेली होती ते तोंडही पक्कं बंद करा. ते उघडं राहिलं तर तिथून हवा ओढली जाते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), इंजिन तापतं आणि पिस्टन जाम होतो. खापर मात्र पेट्रोलमधल्या ऑइलवर फुटतं.

प्रश्न : माझी चेतक टू-स्ट्रोक आहे. उन्हाळ्यात इंजिन तापतं म्हणून मी लिटरला 40 मिली ऑइल टाकतो. बरोबर आहे ना? (सक्करदरा)

नाही, भाऊ. चेतकला 2 टक्के, म्हणजे लिटरला 20 मिली. 5 लिटरला 100 मिली. चांगलं कमी धुराचं, जासो (जपानी मानक) एफसी किंवा एफडी दर्जाचं ऑइल घेतलं तर मे महिन्यातही एवढं पुरतं. ऑइल वाढवलं की कार्बोरेटरच्या जेटमधून (बारीक छिद्रातून) जाणारं पेट्रोल तेवढं कमी होतं, म्हणजे मिश्रण किंचित पातळच होतं. शिवाय सायलेन्सर आणि एक्झॉस्ट पोर्टमध्ये कार्बन साचतो, प्लग शॉर्ट होतो, गाडी दबते.

गाडी तापत असेल तर कारण दुसरीकडे शोधा. स्कूटरचं इंजिन पंख्याच्या हवेवर थंड होतं. सिलिंडरवरच्या फिन्समध्ये (गार होण्यासाठीच्या पातळ पट्ट्यांमध्ये) चिखल-तेल जमलंय का, वरचं झाकण नीट बसलंय का, ते पाहा. काही लोक इंजिनला हवा लागावी म्हणून हे झाकणच काढून टाकतात. त्याने उलट पंख्याची हवा सिलिंडरकडे न जाता बाहेरच निघून जाते.

ऑइल टाकायची रीतही महत्त्वाची आहे. आधी ऑइल, वरून पेट्रोल. ऑइल पेट्रोलपेक्षा जड असतं. ते नंतर ओतलं आणि गाडी हलवली नाही, तर टाकीच्या तळाशी कॉकपाशी (पेट्रोलच्या नळापाशी) बसतं आणि पहिल्या किकला नुसतं ऑइलच कार्बोरेटरात जातं.

प्रश्न : एलएमएल व्हेस्पा. माप 20 मिलीच आहे, तरी पांढरा धूर थांबत नाही. (जरीपटका)

गिअर ऑइलची पातळी तपासा. ती कमी होत असेल तर क्लचच्या बाजूचं क्रँक सील (क्रँकच्या दांड्याभोवतीचं रबरी सील) गेलंय आणि इंजिन गिअर ऑइल ओढून जाळतंय. टू-टी कमी करून हा धूर जाणार नाही, उलट पिस्टन जाईल. सील बदला. इंजिन उघडलंच आहे तर मॅग्नेटच्या बाजूचंही बदलून घ्या. ते गळलं तर धूर दिसत नाही, हवा शिरते. रेस आपोआप वाढायला लागली तर संशय तिथेच घ्यायचा.

प्रश्न : घरात एकच जुनी स्कूटर आहे, तीन जण चालवतात. कोणती पद्धत बरी? आणि अडचणीत फोर-स्ट्रोकचं इंजिन ऑइल चालेल का? (हिंगणा रोड)

तीन जण चालवत असतील तर ऑइल पंपाची गाडी बरी. मिसळायच्या गाडीत एकाने घाईत साधं पेट्रोल भरलं की इंजिनला ऑइल मिळतच नाही. पंपाच्या गाडीत जबाबदारी एकाची ठेवा: दर रविवारी ऑइलची टाकी पाहायची. गाडी पेट्रोलात ऑइल मिसळायची असेल तर पेट्रोलच्या झाकणाजवळ ठळक लिहा, 'टू-टी मिसळा', आणि माप असलेली बाटली डिकीत ठेवा.

फोर-स्ट्रोकचं ऑइल अजिबात टाकू नका. ते जळायला बनवलेलं नाही, त्यातल्या धातूंच्या क्षारांची राख प्लग आणि पिस्टनवर बसते.

प्रश्न : चिखलदऱ्याला चेतक घेऊन जायचंय. घाटात काही वेगळं? (वाडी)

चढताना नाही, उतरताना. मिसळलेल्या पेट्रोलमध्ये रेस बंद म्हणजे ऑइलही जवळजवळ बंद. लांब उतारावर गिअरमध्ये रेस मिटून गाडी सोडली तर चाक इंजिन फिरवत राहतं, पण पिस्टनला ऑइल मिळत नाही. अधूनमधून थोडी रेस द्या. अचानक इंजिनचा आवाज बसला, ओढ गेली, तर लगेच क्लच दाबा आणि बाजूला थांबून इंजिन गार होऊ द्या.

परत आल्यावर गाडी महिनाभर उभी ठेवणार असाल तर टाकीत मिसळलेलं पेट्रोल ठेवू नका. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पावसाळ्यात हवेतलं पाणी धरतं. कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू द्या. टाकीतलं पेट्रोल काढून आठवडाभरात वापरून टाका.