टार्गेट घरीच बांधा, पण आधी तो हप्ता थांबवा

पत्र : सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहतो. वय 41, एमआयडीसीतल्या कारखान्यात सुपरवायझर, हातात 38 हजार येतात. बायको शिवणकाम करते, तिचे महिन्याला सहा-सात हजार. मुलगी 13 वर्षांची आहे, दोन वर्षं धनुर्विद्या शिकते, यंदा जिल्ह्याला खेळली. सर म्हणतात, घरीही रोज सराव हवा. पेंढ्याचं तयार टार्गेट 14 हजारांना मिळतंय, गाडीभाडं अडीच हजार वेगळं. सासुरवाडी जावळीत, तिकडे भाताचा पेंढा हवा तेवढा आहे. घरी बांधलं तर परवडेल का, टिकेल का? घरामागे चाळीस फूट जागा आहे, शेवटी भिंत आणि पलीकडे पायवाट. पैसे पॉलिसीवर कर्ज काढून उभे करीन. मुलीच्या खेळासाठीच दोन वर्षांपूर्वी तिच्या नावाने चाइल्ड पॉलिसी घेतली : वर्षाला 48 हजार, 12 वर्षं भरायचे, विमा रक्कम 5 लाख, 15 वर्षांनी 9 लाख मिळणार. तिसरा हप्ता पुढच्या महिन्यात आहे. बँकेत 18 हजार आहेत. दुसरी पॉलिसी नाही. दोन-तीन वर्षांत राष्ट्रीय पदक आलं की 5 टक्के आरक्षणातून नोकरी होईल, म्हणून आता मागे हटायचं नाही.

उत्तर : घरी बांधा. पेंढा सासुरवाडीचा असेल तर सगळं मिळून पाच हजारांत होईल, साडेअकरा हजार वाचतील, आणि त्यासाठी कर्जाची गरज नाही. तुमचा प्रश्न इथे संपला. तुम्ही न विचारलेली गोष्ट मात्र याच्या कितीतरी पट महाग आहे आणि पुढच्या महिन्यात तिच्यात आणखी 48 हजार जाणार आहेत, म्हणून आधी तिच्याबद्दल.

पॉलिसी खेळासाठी घेतली म्हणता. पैसे मिळतील तेव्हा मुलगी 26 वर्षांची असेल. बर्लिनमध्ये 2023 साली जागतिक अजिंक्यपद जिंकलं तेव्हा तुमच्याच जिल्ह्यातली आदिती स्वामी 17 वर्षांची होती. धनुष्य, बाण, प्रवास, शिबिरं, आहार, हा सगळा खर्च तुमच्या घरात आत्तापासून पुढची पाच-सहा वर्षं आहे. नेमक्या त्याच वर्षांत ही पॉलिसी तुमच्या घरातून महिन्याला चार हजार बाहेर नेते. खेळासाठी पैसे साठवायच्या नावाखाली तुम्ही खेळाचेच पैसे अडकवलेत.

आता 9 लाखांचं बघू. बारा हप्ते म्हणजे 5 लाख 76 हजार. विमा रक्कम 5 लाख. म्हणजे कागदावर हमी आहे ती तुम्ही भरणार त्यापेक्षा कमी रकमेची. वरचे 4 लाख बोनसच्या अंदाजाचे, आणि तो अंदाज विकणाऱ्याने केलेला. तो शंभर टक्के खरा ठरला तरी परतावा पडतो वर्षाला पावणेपाच टक्के. हेच पैसे याच पद्धतीने पीपीएफमध्ये आजच्या 7.1 टक्क्यांनी गेले असते तर साडेअकरा लाखांच्या जवळ पोचले असते. माहितीपत्रकावर हसऱ्या मुलीचा फोटो छापून पावणेपाच टक्के विकायचे, आणि गिऱ्हाईक कोण, तर महिन्याला 38 हजार मिळवणारा बाप. याचा मला मनापासून राग येतो.

पण परतावा हा या पॉलिसीतला सगळ्यात लहान दोष. मोठा दोष असा की यात विमा कोणाचा आहे? मुलीचा. तुमच्या घरात कमावतं माणूस कोण? तुम्ही. उद्या तुम्हाला काही झालं तर धनुष्य राहू द्या, शाळेची फी कोण भरणार? बायकोच्या सात हजारांत घर चालत नाही. ज्याच्या जाण्याने घराचं उत्पन्न थांबतं त्याचा विमा आधी उतरवायचा, आणि तुमच्यावर विमा शून्य आहे. पॉलिसीच्या कागदांत 'प्रीमियम वेव्हर' हे शब्द आहेत का तेवढे शोधा. असतील तर तुमच्या पश्चात कंपनी पुढचे हप्ते भरेल. पण घरखर्चाला त्यातून त्या दिवशी काहीच मिळत नाही.

साठ लाखांची साधी टर्म पॉलिसी (मुदतीत मृत्यू आला तरच पैसे देणारी) घ्या, वयाच्या साठीपर्यंतची. तंबाखू नसेल आणि तब्येत ठीक असेल तर वर्षाला 12 ते 15 हजारांत बसावी. तंबाखू असेल तर तसं अर्जात लिहा. हप्ता वाढेल, पण लपवलंत तर बायकोचा क्लेम नाकारला जाऊ शकतो. अर्ज मंजूर होईपर्यंत थांबू नका. बँकेत जाऊन जीवनज्योती आणि सुरक्षा विमा या सरकारी योजनांचे वर्षाला 436 आणि 20 रुपये खात्यातून वळते करायला सांगा. पहिल्यात कोणत्याही कारणाने मृत्यू आला तर 2 लाख (पहिले 30 दिवस फक्त अपघाती मृत्यूला), दुसऱ्यात अपघाती मृत्यूला 2 लाख. कारखान्यात पीएफ कापला जात असेल तर त्याच्याशी जोडलेला विमाही आहे, जास्तीत जास्त 7 लाखांपर्यंत. त्याचं नॉमिनेशन ऑनलाइन भरलंय का, हे आजच बघा. लग्नाआधी आईचं नाव टाकलेलं तसंच राहिलंय अशी पुष्कळ घरं असतात.

मग चालू पॉलिसीचं काय? 'लगेच मोडून टाका' असं मी म्हणत नाही. भरलेले 96 हजार गेलेले आहेत, त्यांच्याकडे बघून निर्णय घ्यायचा नाही. दोन हप्त्यांनंतर पॉलिसी मोडली तर हमीचं मूल्य भरलेल्याच्या 30 टक्के, म्हणजे 29 हजारांच्या आसपास. दुसरा मार्ग म्हणजे ती 'पेड-अप' करणं : हप्ते थांबवायचे, पॉलिसी कमी रकमेची होऊन चालू राहते. बारापैकी दोन हप्ते भरलेत, तेव्हा 5 लाखांचा सहावा हिस्सा, साधारण 83 हजार, मुदतीअखेर मिळायला हवेत. आजचे 29 हजार तेरा वर्षांनी 83 हजार होणं म्हणजे साडेआठ टक्क्यांच्या आसपास. या आकड्यांवर मोडण्यापेक्षा पेड-अप बरं. पण आकडे तुमच्या पॉलिसीचेच हवेत. कंपनीच्या शाखेत अर्ज द्या आणि सरेंडर मूल्य (मोडली तर मिळणारी रक्कम), पेड-अप मूल्य दोन्ही लेखी मागा. सरेंडरचा आकडा 29 हजारांहून बराच जास्त निघाला तर हिशोब पुन्हा करावा लागेल.

एजंट म्हणेल, सुरुवातीचं नुकसान होऊन गेलंय, आता चालू ठेवण्यातच फायदा. त्याच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे. आजपासून पुढे मोजलं, आणि मोडून मिळणारे 29 हजारही गुंतवले असं धरलं, तर पॉलिसी चालू ठेवण्याचा परतावा साडेसहा टक्क्यांपर्यंत जातो. पीपीएफशी तुलना केली तर तेरा वर्षांत फरक पन्नास हजारांच्या आतला. पण तुमची अडचण टक्क्यांची नाही. तुमच्याकडे आज विमा नाही, अडीअडचणीला 18 हजारांपलीकडे पैसा नाही, आणि मुलीचा खर्च वाढत जाणार आहे. त्या 48 हजारांना आज तीन ठिकाणी काम आहे आणि ते एका चौथ्याच ठिकाणी पडून राहणार आहेत.

पॉलिसीवरच्या कर्जाबद्दल एकच वाक्य : कर्ज सरेंडर मूल्यावर मिळतं, म्हणजे हाती येतील फार तर पंचवीस हजार, व्याज नऊ-दहा टक्के, आणि पैसे तुमचेच.

हप्ता थांबला की टर्मचे साधारण 14 हजार जाऊन वर्षाला 34 हजार उरतात, महिन्याला पावणेतीन हजार. टार्गेटमध्ये वाचलेले साडेअकरा हजारही यातच धरा, ते तुम्ही कुठूनतरी उभे करणारच होतात. पहिलं दीड वर्ष हे सगळं अडीनडीच्या पैशात : थोडं बचत खात्यात, बाकी आवर्ती ठेवीत. सत्तर-पंच्याहत्तर हजारांचा आधार झाला की मग त्याच पावणेतीन हजारांत खेळाचा वेगळा डबा सुरू करा. शेअर बाजारातला फंड यासाठी नको. हे पैसे दोन-तीन वर्षांत लागणार आहेत.

आता पेंढा. यात घाई केली तर पाच हजारही वाया जातात.

रोज घरी जो सराव करायचा तो अंतराचा नसतो, पवित्र्याचा असतो : धनुष्य धरणं, दोरी ओढणं, हनुवटीखाली हात टेकणं, सोडणं. जपानच्या क्यूदो या पारंपरिक धनुर्विद्येत पेंढ्याच्या घट्ट बांधलेल्या गठ्ठ्यावर, माकिवारावर, जेमतेम दोन मीटरवरून बाण सोडतात, त्याचं कारण हेच. नेम बघायचा नसतो, शरीर बघायचं असतं. म्हणून स्पर्धेतल्यासारखं सव्वा मीटरचं टार्गेट तुम्हाला नको. 80 ते 90 सेंटिमीटर चौरस, 25 सेंटिमीटर जाड एवढं पुरे. पेंढा लागेल पंचवीस-तीस किलो. सव्वा मीटरचं करायला गेलात तर साठ-सत्तर किलो दाबायचा आहे, दोघांना उचलत नाही.

पेंढा हाताने झोडलेला मागा, मळणी यंत्रातून आलेला नको. यंत्रात काडी तुटते आणि तुटकी काडी बाण धरत नाही, भुसा होऊन गळते. सासुरवाडीला दिवाळीनंतर सांगा, तेव्हा काढणी उरकलेली असते. आणल्यावर दोन-तीन दिवस उन्हात पसरा. ओलसर पेंढा दाबून ठेवला की आत गरम होतो आणि बुरशी धरतो. मग मुठीएवढ्या जुड्या करून आडव्या थरांत रचायच्या, खाली आणि वर जाड फळी, दोन्ही बाजूंनी आट्याचे लोखंडी रॉड घालून नट पाना लावून आवळायचे. बाण काडी भेदत नाही. तो दोन थरांच्या मधून शिरतो आणि घर्षणाने थांबतो, त्यामुळे सगळी मदार आवळण्यावर. पहिले पंधरा दिवस पेंढा बसत जाईल, दर दोन-तीन दिवसांनी नट फिरवावे लागतील. नंतर महिन्यातून एकदा. मधला भाग मऊ पडला की फळ्या सैल करून मधल्या जुड्या कडेला आणि कडेच्या मध्ये घ्यायच्या.

फळ्या, रॉड, नट-वॉशर, सुतळी, बांबूची घडवंची आणि वरून ताडपत्री, एवढ्याचे चार-साडेचार हजार. पेंढा आणायचे पाचशे. जमिनीपासून दीड फूट वर ठेवा, नाहीतर वाळवी लागेल. जवळ चूल किंवा शेकोटी नको. पावसाळ्यात आत घ्या. एवढं केलंत तर वर्षभर चालेल, आणि पुढच्या वर्षी फक्त पेंढा बदलायचा, बाकी सगळं तेच. मुलगी पुढे कंपाउंड (कप्प्या लावलेल्या, जास्त जोराच्या) धनुष्याकडे वळली तर मात्र पेंढ्याची ही जाडी पुरणार नाही, तेव्हा सरांना विचारून फोमचं टार्गेट बघा.

जागेबद्दल मला काळजी वाटते. भिंतीपलीकडे पायवाट आहे. टार्गेट भिंतीजवळ ठेवा, त्यामागे आणि दोन्ही बाजूंना हातभर भिंत झाकेल अशी मातीच्या पोत्यांची रास करा. उघड्या भिंतीवर बाण आपटला तर तो तुटतो किंवा उलटा येतो. मुलीने पाच-सहा मीटरवरूनच मारावं, आणि तुमच्यापैकी एकजण तिथे उभं असल्याशिवाय बाण लावायचा नाही. भिंत छातीच्या उंचीपेक्षा कमी असेल तर घरी टार्गेट बांधूच नका, सरांच्या मैदानावर आठवड्यातून दोन दिवस जादा जा. त्या वेळी हा सगळा खर्च वाचवा.

राहिली नोकरीची गोष्ट. 5 टक्के आरक्षण खरं आहे. पण ते ठरावीक स्पर्धांतल्या ठरावीक कामगिरीला लागू होतं, क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी होते, आणि त्या पदाची शैक्षणिक पात्रता लागतेच. भरतीची परीक्षाही द्यावी लागते. पदकावर घराचं अंदाजपत्रक उभं करू नका. तेरा वर्षांच्या मुलीला जेवताना रोज 'तुझ्या नोकरीवर सगळं आहे' असं ऐकू आलं तर दोरी सोडताना तिचा हात हलेल. तिचा खेळ तिला आवडतो म्हणून चालू द्या, आणि दहावीचा अभ्यास त्याच्या बरोबरीने. पुढचं धनुष्य घ्यायची वेळ येईल तेव्हा सोनं गहाण ठेवू नका. या वयात उंची वाढते, हाताची ओढ वाढते, आज घेतलेलं धनुष्य आणि बाण दीड वर्षात अपुरे पडतात. सरांकडचं वापरायला मिळतंय का, किंवा मोठ्या मुलांचं जुनं मिळतंय का, ते आधी बघा.

वार्षिक हप्त्याच्या तारखेनंतर 30 दिवसांची सवलत असते, म्हणजे तुमच्या हातात जवळपास दोन महिने आहेत. टर्मचा अर्ज या आठवड्यात भरा, कंपनीचं लेखी उत्तर आलं की दोन्ही आकडे मला कळवा. तोपर्यंत हप्ता भरू नका, एजंट घरी आला तरी.