वेगळं राहिलं म्हणजे घटस्फोट झाला का?

"दहा वर्षं वेगळे राहतोय. आता घटस्फोट झाल्यातच जमा ना, मॅडम?" हा प्रश्न बायका विचारतात, पुरुषही विचारतात. तो इतक्यांदा कानावर आला की म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं.

नाही, होत नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ खाली झालेलं लग्न न्यायालयाचा हुकूमनामा होईपर्यंत लग्नच राहतं. स्टॅम्पपेपरवर सह्या करून नोटरी केल्यानेही ते सुटत नाही. (समाजात तशी जुनी रूढी असेल तर गोष्ट वेगळी, पण ती सिद्ध करावी लागते.)

अशाच एक ताई माझ्याकडे यायच्या. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. स्वतःच्या पगारावर कर्ज फेडून घेतलेलं घर, एक सज्ञान मुलगी. कोर्टाचं नाव काढलं की गप्प. एकदा मी विचारलं, "तुमच्यामागे घर कुणाचं?"

"मुलीचं. नॉमिनी तीच आहे."

"नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मृत्युपत्र नसेल तर १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगी आणि नवरा, दोघांना सारखा वाटा."

"त्यांना? एक हप्ता भरला नाही त्यांनी!"

"तेच लिहा."

आधी मृत्युपत्र करायचं ठरलं. त्याला स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, तरी करून ठेवावी. लागतात दोन साक्षीदार, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीला घेऊ नये. नवऱ्याला का वगळलं, हे मृत्युपत्रात लिहिलेलं बरं. उद्या वाद झाला तर ते उपयोगी पडतं.

त्या एका वाक्यापाशी ताई अडल्या. आधी लिहिलं, "माझं नशीब". खोडलं. मग "आमचं पटलं नाही". तेही खोडलं. शेवटी लिहिलं: "माझे पती घर सोडून गेले, परत आले नाहीत, घराच्या खर्चात त्यांनी काही दिलं नाही." कागद बाजूला सरकवून म्हणाल्या, "म्हणजे संसार मी नाही मोडला."

इतकी वर्षं त्या कोर्टाला घाबरत नव्हत्या. अर्ज आपण केला तर मोडण्याचा ठपका आपल्यावर येईल, याला घाबरत होत्या. माणसाला धीर देण्याआधी जे घडलं ते त्याच्याच हातून जसंच्या तसं लिहून घ्यावं, हे माझं जुनं मत आहे. वकील ते वाक्य कायदेशीर भाषेत बदलणार होते. मी बदलू दिलं नाही, आणि याचं मला आजही समाधान आहे.

पुढे परस्पर संमतीने घटस्फोटाचा अर्ज झाला. त्यासाठी किमान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्जानंतर सहा महिने थांबण्याची मुदत माफ करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितलं आहे. हुकूमनामा होईपर्यंत कुणीही संमती मागे घेऊ शकतं, म्हणून मृत्युपत्र आधी करून ठेवलेलं बरं. ती मुदत माफ करून मागायची का, असं वकिलांनी विचारलं तेव्हा ताईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "मागा," म्हणाल्या.