वाचकांचे प्रश्न : प्रिंटरचं प्रमाणपत्र

प्रश्न : धरमपेठेत आमचं करसल्ल्याचं कार्यालय आहे. आठ संगणक आणि नेटवर्कवर एक प्रिंटर. १९२.१६८.१.५० या पत्त्यावर प्रिंटरचं सेटिंगचं पान उघडलं की ‘कनेक्शन प्रायव्हेट नाही’ असा इशारा येतो. एसएसएल सर्टिफिकेट (पान खरं असल्याचं डिजिटल प्रमाणपत्र) विकत घ्यावं का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : मागितलंत तरी मिळणार नाही. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घरोघरी, ऑफिसोऑफिसी तेच असतात. सार्वजनिक प्रमाणपत्र संस्था त्यांच्यावर प्रमाणपत्र देत नाहीत. प्रिंटरमध्ये आधीपासून असलेल्या प्रमाणपत्रावर प्रिंटरचीच सही असते, ती ब्राउझरला ओळखीची नाही, एवढाच या इशाऱ्याचा अर्थ. पण इशारा ओलांडून पुढे जायची सवय मात्र लावू नका. कुणी तुमच्या आणि प्रिंटरच्या मधे बसून ॲडमिन पासवर्ड टिपत असेल, तेव्हाही असाच इशारा दिसेल.

त्याऐवजी कार्यालयाचं स्वतःचं रूट प्रमाणपत्र, म्हणजे ज्याच्या सहीवर बाकीची प्रमाणपत्रं विश्वासाची ठरतात ते मूळ प्रमाणपत्र, ओपनएसएसएल या मोफत प्रोग्रामने तयार करा. मग प्रिंटरच्या पानावर सिक्युरिटीखालच्या सर्टिफिकेट विभागातून सीएसआर (प्रमाणपत्रासाठीचा विनंती-अर्ज) काढा. आरएसए २०४८ (किल्लीचा प्रकार) आणि एसएचए-२५६ (सहीची पद्धत) निवडा. यात खासगी किल्ली, म्हणजे प्रमाणपत्रामागचा गुप्त संकेत, प्रिंटरमधून बाहेर येतच नाही. सीएसआरवर रूटने सही करून तयार झालेली फाइल प्रिंटरमध्ये चढवा. मधल्या काळात दुसरा सीएसआर काढू नका, किल्ली बदलते आणि प्रिंटर फाइल नाकारतो.

बहुतेकांचं काम अडतं ते ‘सॅन’ (सब्जेक्ट अल्टरनेटिव्ह नेम) या, प्रमाणपत्र कोणत्या पत्त्यासाठी आहे ते सांगणाऱ्या रकान्यावर. क्रोम २०१७ पासून ‘कॉमन नेम’ हा नावाचा जुना रकाना बघतच नाही, फक्त सॅन बघतो. बऱ्याच प्रिंटरच्या फॉर्ममध्ये तो रकानाच नसतो, म्हणून सही करताना ओपनएसएसएलला एक्स्टेन्शन फाइलमधून (जास्तीचे तपशील लिहिलेली फाइल) सॅन द्या. पत्ता ‘आयपी’ प्रकारात लिहा. ‘डीएनएस’ (नावांसाठीच्या) प्रकारात लिहिलात तर इशारा तसाच राहील. राउटरवर प्रिंटरचा पत्ता राखून ठेवा, नाहीतर पत्ता बदलला की प्रमाणपत्र निरुपयोगी. मुदत दोन वर्षांची ठेवा. ॲपलची उपकरणं ८२५ दिवसांपुढची मुदत मानत नाहीत.

शेवटी रूट प्रमाणपत्र आठही संगणकांवर (विंडोजमध्ये) ‘लोकल मशीन’च्या ट्रस्टेड रूट विभागात घाला. रूटची किल्ली पासवर्ड लावून पेनड्राइव्हवर ठेवा आणि तो कपाटात कुलूपबंद करा. ती ज्याच्या हाती पडेल, तो तुमच्या संगणकांपुढे कुठल्याही बँकेची खोटी साइट खरी म्हणून उभी करू शकेल.

प्रश्न : लाईट जाऊन आली की स्कॅन ईमेलवर जात नाही, ‘सर्टिफिकेट एरर’ येते. – तेच वाचक

उत्तर : आधी प्रिंटरचं घड्याळ बघा. तारीख मागे गेली असेल, तर मेल सर्व्हरचं प्रमाणपत्र त्याला ‘अजून सुरूच न झालेलं’ वाटतं. एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याची सोय) चालू करा, टाइम झोन +५:३० ठेवा. तरीही अडलं, तर मेल सर्व्हरचं रूट प्रमाणपत्र प्रिंटरमध्ये घाला आणि फर्मवेअर (प्रिंटरमधलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा. जुने प्रिंटर टीएलएस १.० (सुरक्षित जोडणीची जुनी पद्धत) वरच अडकलेले असतात आणि आता बरेच मेल सर्व्हर ते स्वीकारत नाहीत. प्रमाणपत्र तपासणी बंद करून काम भागवू नका. तुमच्या स्कॅनमध्ये अशिलांचे पॅन आणि आधार असतात.