‘सुखदायिनी’ नव्हे

एका वाचकाचा प्रश्न आहे: दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने आपल्या सैनिकांच्या लैंगिक उपभोगासाठी राबवलेल्या कोरियन स्त्रियांना, म्हणजे ‘कम्फर्ट विमेन’ना, मराठीत ‘सुखदायिनी’ म्हणावं का? अजिबात नाही. ‘आरामस्त्रिया’ही नको. असले शब्द वाचले की संताप येतो. सुख कोणाचं? जपानी सैनिकाचं. मग बाईचं नाव त्याच्या सोयीने का ठेवायचं?

मूळ जपानी शब्द ‘इआन्फु’, कोरियन उच्चार ‘विआन्बू’. ‘इआन’ म्हणजे सांत्वन, ‘फु’ म्हणजे स्त्री. हा शब्द चिनी चित्रचिन्हांत लिहितात. त्यातलं ‘आन’चं चिन्ह बघा: वर छप्पर, खाली स्त्री. बाई घरात सुखरूप, म्हणजे शांती! कामाचं आमिष दाखवून किंवा बळजबरीने ज्या मुलींना घरापासून तोडलं, पार ब्रह्मदेशापर्यंतच्या लष्करी अड्ड्यांत कोंडलं, त्यांच्याच नावात हे चिन्ह आहे.

पण खरं बोलतं ते ‘गुलाम’ या अर्थाचं चिनी चिन्ह. डावीकडे स्त्री, उजवीकडे हात. इ.स. १००च्या सुमारास श्यू शेनने रचलेल्या चिनी कोशातही हीच फोड आहे. पुढच्या टीकाकारांनी तो हात राबणाऱ्याचा, काम करणाऱ्याचा ठरवला. साफ चूक! हाडांवर कोरलेल्या जुन्या चिनी लिपीत ‘स्त्री’ गुडघे टेकून बसलेली आहे आणि तिचे दोन्ही हात पुढे एकमेकांवर आधीच काढलेले आहेत. मग हा तिसरा हात कोणाचा? माझ्या मते तो धरणाऱ्याचाच.

म्हणून श्रीलंकेच्या कायदेतज्ज्ञ राधिका कुमारस्वामींनी १९९६च्या संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात वापरलेला ‘लष्करी लैंगिक गुलामी’ हा शब्द मला नेमका वाटतो. जपान सरकारला तो आजही मान्य नाही. पण जानेवारी २०२१मध्ये सोलच्या न्यायालयाने याला मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हटलं आणि १२ फिर्यादींना प्रत्येकी १० कोटी वॉन द्यायला जपानला फर्मावलं. ‘सुखा’बद्दल कोणी भरपाई मागतं का?

आपल्याकडे पेशवाईच्या कागदांत ‘बटीक’ आहे, विकत घेतलेली दासी. अर्थ जवळचा. पण ‘सत्तेची बटीक’ म्हणून म्हणून आपण त्या शब्दाची शिवी करून टाकली. १४ ऑगस्ट १९९१ला स्वतःच्या नावानिशी जगासमोर उभ्या राहिलेल्या, हे सगळं सोसलेल्या कोरियन किम हाक-सून यांना तो लावायला माझं मन धजत नाही. ‘लैंगिक गुलामीत ढकललेल्या स्त्रिया’ लिहा. लांब होतं, होऊ द्या.