वाचकांचे प्रश्न : सत्तर टक्के ब्लॉक, स्टेंट आणि त्यानंतरच्या गोळ्या

प्रश्न : वडील 64 वर्षांचे आहेत. चढावर चालताना छातीत जडपणा येतो, थांबलं की दोन-तीन मिनिटांत जातो. हे आठ महिने असंच आहे, वाढलेलं नाही. अँजिओग्राफीत एका धमनीत 70 टक्के ब्लॉक निघाला. झटका येण्याआधीच स्टेंट टाकून घेतला की धोका टळेल, असं घरात सगळ्यांना वाटतं. बरोबर ना?

उत्तर : घरातल्यांना असं वाटणं स्वाभाविक आहे, पण ते बरोबर नाही. धमनी म्हणजे पाण्याचा पाइप आणि ब्लॉक म्हणजे त्यात अडकलेला कचरा, या कल्पनेतून हा समज होतो. चरबीचा थर धमनीच्या भिंतीतच साठतो, आणि तोही एकाच जागी नाही, तर लांबवर. थरावरचा पातळ पापुद्रा फाटतो, तिथे रक्ताची गुठळी धरते आणि झटका येतो. फाटणारी जागा अँजिओग्राफीत 70 टक्के दिसलेलीच असेल असं नाही. 30-40 टक्क्यांची, कोणाच्या लक्षातही न आलेली जागा फाटू शकते. स्टेंट म्हणजे धातूची बारीक जाळी, ती एक जागा उघडी ठेवते. बाकीच्या धमनीला त्याचा उपयोग नाही.

दुखणं स्थिर असलेल्या रुग्णांवर 'इस्केमिया' या नावाची मोठी चाचणी झाली. तिच्यात 5179 रुग्ण होते आणि निष्कर्ष 2020 साली आले. एका गटाला औषधांबरोबर स्टेंट किंवा बायपास दिला, दुसऱ्या गटाला आधी फक्त औषधं. तीन-साडेतीन वर्षांत मृत्यूच्या प्रमाणात फरक पडला नाही. छातीतलं दुखणं मात्र पहिल्या गटात जास्त कमी झालं, आणि ज्यांना ते रोज किंवा दर आठवड्याला होत होतं त्यांना हा फायदा सर्वांत ठळक मिळाला. म्हणजे वडिलांच्या बाबतीत स्टेंट हा मुख्यतः दुखण्यावरचा उपाय आहे. आयुष्य वाढवण्याचं काम कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्या, ॲस्पिरिन, आटोक्यातला रक्तदाब आणि तंबाखू सोडणं यांच्याकडे आहे. दुखण्यावरची दोन औषधं पुरेशा मात्रेत घेऊनही चढ चढता येत नसेल, तर स्टेंटचा विचार जरूर करा.

दुखण्याबद्दलही अपेक्षा माफक ठेवा. 'ऑर्बिटा-2' या 2023 च्या चाचणीत 301 रुग्णांची दुखण्यावरची औषधं थांबवली आणि काहींना खरी अँजिओप्लास्टी, म्हणजे फुग्याने धमनी उघडून स्टेंट बसवणं, तर काहींना नुसता तिचा देखावा केला. खऱ्या अँजिओप्लास्टीचा फायदा स्पष्ट दिसला. तरीही तिच्यानंतर 12 आठवड्यांनी दुखणं पूर्ण गेलेले रुग्ण साधारण 40 टक्केच होते.

आता त्या 70 टक्क्यांविषयी. हा आकडा बहुतेक वेळा डोळ्यांनी अंदाजून दिलेला असतो आणि तो व्यासाचा असतो. व्यास 50 टक्के घटला तर आतली जागा 75 टक्के घटते. अहवालात नुसते 'टक्के' लिहिलेले असतील, तर ते व्यासाचे की क्षेत्रफळाचे हे विचारून घ्या. 50 ते 80 टक्क्यांच्या पट्ट्यात नुसत्या नजरेवर निर्णय घेण्यात फार अर्थ नाही. ब्लॉकच्या पलीकडे दाब मोजणारी तार नेता येते. पलीकडचा दाब आणि महाधमनीतला दाब यांचं गुणोत्तर, म्हणजे एफएफआर, 0.80 पेक्षा जास्त निघालं तर तो ब्लॉक सहसा औषधांवर सोडता येतो. डॉक्टरांना हे गुणोत्तर मोजलं का, हा प्रश्न अवश्य विचारा.

एवढं वाचून सगळ्यांनीच स्टेंट नाकारू नये. डाव्या मुख्य धमनीत मोठा ब्लॉक असेल, हृदयाची पंपिंग क्षमता बरीच उतरली असेल, किंवा दुखणं बसल्या जागी येऊ लागलं, वाढत चाललं, तर यातलं काहीच लागू होत नाही.

प्रश्न : भावाला झटका आला. जवळच्या हॉस्पिटलात कॅथलॅब (अँजिओप्लास्टी करायची खोली) नव्हती. त्यांनी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं आणि मग मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. थेट अँजिओप्लास्टीला पाठवायला हवं होतं का?

उत्तर : ईसीजीत धमनी पूर्ण बंद झाल्याची खूण, म्हणजे आलेखातला एसटी नावाचा भाग वर उचललेला, दिसत असेल तर सगळा हिशोब वेळेचा. निदान झाल्यापासून 120 मिनिटांत फुगा धमनीपर्यंत पोहोचणार असेल, तर थेट अँजिओप्लास्टीच सरस. तेवढ्या वेळात पोहोचणं शक्य नसेल आणि दुखणं सुरू होऊन 12 तास उलटले नसतील, तर लगेच इंजेक्शन देऊन मग पाठवणं योग्य. तुमच्या भावाला तेच मिळालं. पुढची पायरी चुकवू नका. इंजेक्शनने दुखणं थांबलं तरी 2 ते 24 तासांत अँजिओग्राफी व्हायला हवी. 60 ते 90 मिनिटांत ईसीजीतला उंचवटा निम्म्याहून कमी झाला नाही, तर वाट न बघता लगेच अँजिओप्लास्टी करतात.

स्टेंटने जीव वाचतो तो इथे. वर वडिलांसाठी दिलेलं उत्तर या प्रसंगाला लावू नका.

प्रश्न : मनगटातून नेमकं काय घालतात? भूल देतात का? मध्येच छातीत दुखलं तर?

उत्तर : पूर्ण भूल सहसा नसते. मनगटापाशी त्वचा बधिर करून धमनीत एक आखूड नळी बसवतात. धमनी आकसू नये म्हणून तिच्यातून औषध सोडतात. रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात, किलोमागे साधारण 70 ते 100 युनिट. त्या नळीतून सुमारे 2 मिलिमीटर जाडीचा कॅथेटर हृदयाच्या धमनीच्या तोंडाशी आणून टेकवतात. त्यातून 0.014 इंचाची, म्हणजे मिलिमीटरच्या साधारण एक-तृतीयांश जाडीची तार ब्लॉक ओलांडून पुढे नेतात. फुगा आणि स्टेंट याच तारेवरून सरकत जातात.

आधी फुग्याने जागा मोकळी करतात. मग घडी करून फुग्यावर चढवलेला स्टेंट साधारण 8 ते 12 ॲटमॉस्फियर दाबाने उघडतात. शेवटी कडक फुगा 16 ते 20 पर्यंत फुगवून तो भिंतीला नीट चिकटवतात. फुगा फुगलेला असताना पलीकडचं रक्त थांबतं, म्हणून त्या अर्ध्या मिनिटात छातीत दुखणं अपेक्षितच आहे. तसं सांगा आणि स्वस्थ पडून राहा. फुगा उतरवल्यावरही दुखत राहिलं, तर डॉक्टर बाजूच्या फाट्याचं तोंड दबलं का, भिंतीला चीर गेली का, गुठळी पुढे सरकली का, हे बघतात.

चुनखडीसारखा कडक झालेला ब्लॉक मात्र त्रास देतो. तिथे फुगा मधोमध डमरूसारखा आवळलेला राहतो. तशा जागी घाईने स्टेंट टाकला तर तो अर्धवट उघडतो, आणि अर्धवट उघडलेला स्टेंट पुढे बंद पडण्याचं मोठं कारण ठरतो. अशा ब्लॉकला आधी हिऱ्याचे कण बसवलेल्या, मिनिटाला दीड लाखाच्या आसपास फेरे घेणाऱ्या टोकाने घासतात किंवा ध्वनिलहरींनी तडे देतात. स्टेंट पूर्ण उघडला की नाही हे धमनीच्या आतून बघता येतं, आयव्हस (ध्वनिलहरींनी) किंवा ओसीटीने (प्रकाशाने). लांब, कडक किंवा मुख्य धमनीतला ब्लॉक असेल तर हा तपास व्हावाच असं आमचं मत आहे.

प्रश्न : झटक्यानंतर तीन महिन्यांपूर्वी स्टेंट बसला. आता दाढ काढायची आहे आणि हर्नियाचं ऑपरेशनही सुचवलंय. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किती दिवस आधी बंद करू?

उत्तर : दाढेसाठी एकही दिवस नाही. दंतवैद्याला दोन्ही गोळ्यांची, म्हणजे ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीची क्लोपिडोग्रेल, प्रासुग्रेल किंवा टिकाग्रेलॉर, नावं सांगा. टाका, दाबून धरलेला बोळा आणि ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या चुळा यांनी तिथलं रक्त थांबवता येतं.

हर्निया वाट बघू शकतो. स्टेंटच्या धातूच्या जाळीवर धमनीचं अस्तर चढेपर्यंत रक्तातल्या प्लेटलेट्सना ती परकी वस्तूच असते, आणि त्या काळात दोन्ही गोळ्या थांबल्या की आत गुठळी धरू शकते. त्याला स्टेंट थ्रॉम्बोसिस म्हणतात. हा प्रकार दुर्मीळ आहे, पहिल्या वर्षात सुमारे एक टक्का किंवा त्याहून कमी. पण झाला तर मोठाच झटका येतो आणि त्यात बरेच रुग्ण दगावतात. म्हणून झटक्यानंतर साधारण 12 महिने आणि स्थिर दुखण्यासाठी बसवलेल्या स्टेंटला 6 महिने दोन गोळ्या चालतात. रक्तस्रावाचा धोका जास्त असेल तर हृदयरोगतज्ज्ञ ही मुदत कमी करतात. हर्निया अडकला आणि थांबणं अशक्य झालं, तर क्लोपिडोग्रेल 5, प्रासुग्रेल 7 आणि टिकाग्रेलॉर 3 ते 5 दिवस आधी बंद करतात, ॲस्पिरिन चालू ठेवून. हा निर्णय सर्जन आणि हृदयरोगतज्ज्ञ यांनी एकमेकांशी बोलून घ्यायचा, रुग्णाने निरोप्याचं काम करून नाही.

गोळ्या बंद पडण्याची आणखी दोन कारणं नेहमी दिसतात. टिकाग्रेलॉरने काहींना धाप लागल्यासारखं होतं. ते हृदय कमजोर झाल्याचंच लक्षण असतं असं नाही, पण डॉक्टरांना दाखवा. गोळी बदलून मिळते, आपली आपण सोडायची नाही. दुसरं, पित्तासाठी स्वतःच घेतलेली ओमेप्रॅझोल क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी करते. त्याऐवजी पॅन्टोप्रॅझोल विचारून घ्या.

प्रश्न : स्टेंट किती वर्षं टिकतो?

उत्तर : धातू जन्मभर टिकतो. धमनी तशीच राहील का, हा खरा प्रश्न. 1977 च्या सप्टेंबरात झुरिचमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी हृदयाच्या धमनीत पहिल्यांदा फुगा फुगवला, तेव्हा स्टेंट नव्हता. नुसत्या फुग्याने उघडलेल्या धमन्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा सहा महिन्यांत पुन्हा अरुंद व्हायचा. साध्या धातूच्या स्टेंटने हे प्रमाण 20-30 टक्क्यांवर आलं. औषध लावलेल्या स्टेंटने ते बहुतेक ब्लॉक्समध्ये 10 टक्क्यांच्या खाली आणलं. जे पुन्हा अरुंद होतं ते भिंतीच्या पेशी वाढल्याने, हळूहळू, आणि जुनंच दुखणं परत येऊन कळतं. मधुमेह, बारीक धमनी आणि लांब स्टेंट यांत ते जास्त होतं.

प्रश्न : आईला मधुमेह आहे, तिन्ही धमन्यांत ब्लॉक आहेत. बायपास सांगितलाय. तीन-चार स्टेंटमध्ये भागणार नाही का?

उत्तर : भागवता येईल, पण मधुमेह आणि तीन धमन्या असतील तर दीर्घकाळाचा निकाल बायपासच्या बाजूने आहे. 'फ्रीडम' चाचणीत (2012) पाच वर्षांत मृत्यू आणि झटके बायपासच्या गटात कमी होते. पक्षाघात मात्र थोडे जास्त. बायपासची जोडणी ब्लॉकच्या पुढे असल्याने त्याआधीच्या भागात नवा ब्लॉक झाला तरी रक्ताला वाट राहते. वय फार जास्त असेल, फुप्फुसं किंवा मूत्रपिंड खराब असेल, तर हिशोब बदलतो.

प्रश्न : स्टेंटनंतर एमआरआय करता येतो का?

उत्तर : येतो. आजचे स्टेंट चुंबकाने हलत नाहीत, त्यासाठी महिनोन्महिने थांबायची गरज नाही. स्टेंटचं कार्ड सोबत न्या आणि एमआरआयच्या खोलीत जाण्याआधी दाखवा.